फरशीपलीकडचं साल

फेब्रुवारीची सकाळ आहे. दिंडोरीचा बाजार मागे टाकून तुम्ही मोहाडीच्या दिशेनं वळता आणि थोड्याच वेळात स्वतःच्या सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येऊ लागतो. नाशिकचे सायकलवाले महामार्ग सोडून या आडवाटांना का लागतात, ते तेवढ्यातच कळतं. एकेरी डांबर, कडेला बाभळी, दोन्ही अंगांना बागा, उत्तरेला धुक्यातून वर येणारी सातमाळ्याची रांग. घाई करू नका. वेगात गेलात तर नुसती हिरवी भिंत दिसते. सावकाश गेलात तर तिच्या आतली माणसं दिसतात.

आणि माणसंच माणसं आहेत. ही शांतता रिकाम्या रानाची नाही, कामात गुंतलेल्यांची आहे. मांडवाखाली वाकून बायका काढणी करताहेत. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढुरकी झाक एकदा पुसली की निर्यातीतली किंमत गेली. कात्री चालते, घड क्रेटमध्ये कागदावर अलगद आडवा पडतो. यांतल्या कितीतरी जणी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून आलेल्या. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, काढणी असं करत बागेच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत हंगाम काढणाऱ्या. मण्यांतली साखर पुरेशी उतरली, तपासणीत औषधांचे अंश मर्यादेत आले, की माल न्हावाशेव्याला आणि तिथून जहाजानं रॉटरडॅमला. मोहाडीत २०१० साली उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी याच कामावर मोठी झाली. रॉटरडॅममध्ये द्राक्ष खाणाऱ्याला हा रस्ता माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडं थांबून बघा.

(इथं नेहमी येणार असाल तर एक ध्यानात ठेवा. छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात. समोरच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर घुमत असेल तर वाऱ्याची दिशा बघा आणि तो वळेपर्यंत अलीकडेच थांबा.)

काही बागांत घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दिसतात. उन्हानं मणी पिवळा पडू नये म्हणून. कागदावरची तारीख वाचत जा, पुढे लागेल. आता रस्ता ओहळात उतरतो. पुलाऐवजी नुसती फरशी आहे. चाक तिच्यावर आदळतं, आणि पलीकडच्या चढावर तुमचे दात वाजू लागतात.

रस्त्यावर गारांचा खच पडलाय. बागेतले कागद फाटून लोंबताहेत आणि त्यांवर २०१४च्या मार्चची तारीख आहे. राज्यभर गारपीट झाली ती हीच. कागदाच्या आत मणी फुटलेत. रस मातीत चिखलासारखा झालाय आणि उद्यापर्यंत इथं आंबूस वास सुटेल. काढणीला आठवडा राहिला होता. मालक बांधावर उभा आहे. तो घडांकडे बघतच नाही. काड्यांवरून बोट फिरवतोय, कुठं साल सोलली गेली ते चाचपत. बाग न कळणाऱ्याला गेलेलं पीक दिसतं, कळणाऱ्याला पुढचं दिसतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या नव्या काड्या फुटतील, त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. काड्या जिच्यावर फुटतात ती आडवी फांदी, म्हणजे ओलांडाच ठेचला असेल तर त्या धड फुटणार कशा? बँकेचा हप्ता मात्र दोन्ही वर्षं येणार. तुम्ही हातातल्या हँडलकडे बघत नुसते उभे राहता. बोलण्यासारखं काही नसतं, आणि त्यालाही कुणी बोलावं असं वाटत नाही.

दुसरी फरशी रात्रीत नेते. डिसेंबर आहे, ऐंशीचं दशक आहे आणि तुमच्या खाली काळी, जड, बिनगिअरची सायकल आहे. पुढचा डायनामो चाकाला घासत मिणमिणता उजेड देतोय. निफाडकडून येणारी थंडी बोटं बधिर करते. बागेबागेत शेकोट्या पेटल्यात. पाचट, ओला पालापाचोळा, जे मिळेल ते जाळून धूर मांडवाखाली कोंडून ठेवायचा, म्हणजे पहाटेच्या गारठ्यानं मणी तडकणार नाहीत. कुणी विहिरीवरचं इंजिन सुरू करतोय, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि मुळाशी सोडलं की वेलाला आधार होतो. पंख्याखाली बसून द्राक्षं खाणाऱ्यांनी कधीतरी ही पहाट बघायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या ओहळावर फरशीच नाही. डांबरही नाही. पुढचं चाक सुट्या खडीत रुततं आणि तुम्हाला उतरावंच लागतं.

१९७३चा मे महिना. भर दुपार. समोर रस्ता नाही, रस्त्याचं काम आहे. शेकडो माणसं रांगेनं बसून खडी फोडताहेत. डोक्यावर पदर, पायाच्या बोटांत दगड धरलेला, हातोडा वर आणि खाली. फोडलेल्या खडीचे ढीग ब्रासच्या मापानं लावायचे आणि मापावरच मजुरी. या महिन्यात राज्यभर अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं आहेत. यांतली बरीच कालपर्यंत स्वतःच्या रानाची मालक होती. कुडाच्या सावलीला लेकरं निजवलीत. एका बाजूला सुकडीचं वाटप चाललंय. जेवणाच्या फडक्यात लाल मिलो ज्वारीची भाकरी आहे, गिळताना घशाला लागणारी.

सायकलवरचा माणूस म्हणजे सरकारी माणूस, असा हिशेब करून एक म्हातारी हातोडा खाली ठेवते.

“भाऊसाहेब, पगार आनला का?”

“नाही आजी. मी कारकून नाही.”

“मंग इकडं कशाला आलात उन्हाचं?”

काय सांगणार? तुमच्या काळात या रस्त्यावरून लोक मौजेनं सायकल फिरवतात, हे? तुम्ही बाटली पुढे करता. ती दोन घोट घेते, बाकीचं शेजारणीच्या लेकराला पाजते आणि पुन्हा दगडाला लागते. पलीकडे एक छोटी बाग तगून आहे. थॉमसन ही बिनबियांची जात या भागात अजून नवीन आहे. बैलगाडीवर पिंप चढवून कुठून तरी पाणी आणलंय आणि एक जोडपं तांब्यातांब्यानं वेलांना घालतंय. पन्नास पावलांवर घरादाराला प्यायला पाणी नाही, आणि ही दोघं वेल जगवताहेत. वेडेपणा म्हणा, पण वेल मेला तर दुष्काळ संपल्यावरही तीन वर्षं हाती काही लागणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावरस्त्यांखाली त्या वर्षांची खडी आहे. नकाशावर त्यांना नाव नसतं, फार तर एक क्रमांक असतो. मला विचाराल तर अशा प्रत्येक रस्त्यावर म्हातारीचं नाव असायला हवं.

जानोरीपर्यंत तुम्ही सायकल हातानंच ढकलत नेता. तिच्यापुढे गाडीवाट उरते, चाकोऱ्या पडलेली. त्या चाकोरीत चाक घातलं की ते आपोआप ओझरला पोचतं, बाणगंगेच्या काठाला, आणि साल होतं १९२५.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षशेतीची गोष्ट जिथून सांगतात ती ही जागा. रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी इथं ओझरला या वर्षी द्राक्ष लावलं. मांडव शोधू नका. लोखंडी अँगल नाही, तारा नाहीत, ठिबकची काळी नळी नाही. त्या काळी वेलाच्या आधाराला जिवंत झाड असतं: पांगाऱ्याचा खुंट रोवायचा, तो फुटतो, त्याला छाटून ठेंगणा ठेवायचा आणि वेल त्याच्या अंगानं चढवायचा. जात भोकरी. तुमच्या ओळखीची बिनबियांची द्राक्षं इथवर यायला अजून काही दशकं आहेत. रोगावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. हे फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून आलं आणि तुमच्या काळातही या बागांतून गेलेलं नाही. 

आडवाटेला लागून एका मळ्यात विहिरीवर मोट चाललीय. बैल धावेवरून उतरताना मोटकरी नाड्यावर बसतो, त्याच्या वजनानं मोट वर येते आणि थारोळ्यात पाणी भदाभदा ओतलं जातं. बैल मागे सरतात, पुन्हा उतरतात. खुंटाखुंटाच्या आळ्यापर्यंत पाणी न्यायचं म्हणजे दिवसभर हेच. मोटकऱ्याचं लक्ष तुमच्याकडे जातं.

“कुठलं पाव्हणं?”

“दिंडोरीकडून आलो.”

“ह्या गाडीवर?” तो सायकल नीट निरखतो. “बरी हाये. बैलावानी पानी पाजाया लागत न्हाई.”

“ही कसली झाडं लावलीत?”

“द्राक्षं म्हनत्यात. मी अजून खाल्ली न्हाईत.” तो बैलांची पाठ थोपटतो. “बारं देनारा गडी आज आला न्हाई. मोट सोडून मला तिकडं जाता येईना. येतं का तुम्हाला बारं द्याया?”

तुम्ही सायकल बांधाला टेकवता. बूट काढता. फावडं हातात घेऊन पाटाच्या कडेला उभे राहता. पाणी गढूळ, कोमट, तळव्याखालून सुळकन सरकणारं. पहिल्या आळ्याचं दार मोडायचं, ते भरलं की मातीनं बुजवायचं, मग दुसरं. सोपं दिसतं, पण माती हातातून वाहून जाते. तिसऱ्या खुंटाशी तुम्ही वाकलेले असतानाच धावेवरून हाक येते.

“पाव्हणं, मागं बघा! पाट फुटला!”

फावडं उचलून तुम्ही पळत सुटता.