बीसीजी लस केंद्रात नसेल तर काय करावे?
बीसीजी लस बाळ जन्मल्यावर लगेच देतात. ती मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर आजारापासून बाळाचे रक्षण करते. साठा संपल्याने लस राहिली, तर सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती बाळ १ वर्षाचे होईपर्यंत मोफत मिळते, त्यानंतर नाही. म्हणून पाठपुरावा सोडू नका. पोलिओ, पेंटाव्हॅलेंट हे डोस मात्र बीसीजीसाठी अडवून ठेवू नका.

कधी लस असूनही ‘आज नाही’ असे सांगतात. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात आणि उघडलेली कुपी ४ तासांनंतर वापरता येत नाही. अशा वेळी लसीकरणाचा पुढचा दिवस तिथेच विचारून घ्या. माता-बाल संरक्षण कार्डावरील बीसीजीची कोरी जागा आशाताईंना दाखवा आणि साठा आल्यावर कळवायला सांगा.