क्षयरोग्याची शेजारीण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोगाचा उपचार म्हणजे सॅनेटोरियम असेच मानले जाई. मोकळी हवा, सकस आहार, सक्तीची विश्रांती आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणे, असा तो उपचार होता. मिरजेजवळची वानलेसवाडी याच विचारातून वसली. पण खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखोंनी. बहुतेकांच्या वाट्याला खाट येतच नसे.

१९५६ साली मद्रासमध्ये डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग सुरू झाला. शहरातील दाट, गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एक सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा आपापल्या घरी. दोघांनाही वर्षभर तीच औषधे दिली गेली: आयसोनियाझिड आणि पास. सॅनेटोरियममधल्यांना चांगला आहार आणि विश्रांती मिळत होती. घरच्यांच्या नशिबी यातले काहीच नव्हते. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. पुढच्या पाहणीत घरच्या माणसांना त्यामुळे अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. सॅनेटोरियमचे युग इथेच ओसरू लागले.

मात्र या विजयाच्या पोटात एक नवा प्रश्न दडलेला होता. दोन-तीन महिन्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, माणूस कामावर जाऊ लागतो. मग रोज गोळ्यांचा ढीग गिळायचा कशासाठी? त्यातही पासच्या मात्रा मोठ्या आणि पोटाला त्रासदायक. औषध अर्धवट सुटले की उरलेले जंतू पुन्हा बळावतात आणि कधीकधी त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मद्रासच्या पथकातील लोक पूर्वसूचना न देता रुग्णांच्या घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करत. औषध कोणाच्या तरी डोळ्यांसमोर घेतले जावे, हा विचार अशा अनुभवातून पुढे आला.

पण कोणाच्या डोळ्यांसमोर? रोज दवाखान्यात जायचे तर मजुरी बुडते. शिवाय दवाखान्याचे दारही फारसे भरवशाचे नव्हते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याविषयी डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की निम्म्याहून अधिक क्षयरुग्ण आधीच मदत मागायला गेले होते. अनेकांची बोळवण खोकल्याच्या औषधावर झाली होती. अज्ञानाचा ठपका रुग्णांवर ठेवणाऱ्या व्यवस्थेला मिळालेली ही सणसणीत चपराक होती.

एक उत्तर खेड्यातूनच आले. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. तिथे निरक्षर स्त्रियाही उत्तम आरोग्यसेविका होऊ शकतात, हे पुढे सिद्ध झाले. क्षयरोगापुरता हा मार्ग सर्वांत नेटाने चोखाळला तो बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने. १९८४ मध्ये माणिकगंज येथे तिने आपल्या ‘स्वास्थ्य सेविकां’वर हे काम सोपवले. या सेविका गावातल्याच स्त्रिया होत्या. त्यांना पगार नव्हता. औषधे आणि गर्भनिरोधके विकून थोडीफार मिळकत होई, तेवढीच. त्यांना दिलेले शिक्षण नेमक्या कामांपुरते होते: घरोघरी जाऊन जुना खोकला कोणाला आहे ते विचारणे, थुंकीचे नमुने गोळा करून तपासणीस पाठवणे आणि निदान झाल्यावर रुग्णाला समोर बसवून औषध देणे.

यात व्यवहाराचा एक धागाही विणलेला होता. उपचार सुरू करताना रुग्ण करारावर सही करी आणि अनामत रक्कम ठेवी. उपचार पूर्ण झाल्यावर तिचा काही भाग त्याला परत मिळे आणि उरलेला सेविकेला. गरिबाकडून पैसे घ्यावेत का, हा आक्षेप रास्तच आहे. पण या व्यवस्थेत रुग्णाने शेवटची गोळी घेतली तरच सेविकेच्या पदरी तिचा वाटा पडत असे.

१९९४ मध्ये बांगलादेश सरकारने ब्रॅकशी करार केला आणि हे काम राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाले. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार, उपचार स्वीकारलेल्या दर १०० रुग्णांपैकी ८० हून अधिक बरे झाले होते.