चरकाने खाल्लेला तांदुळजा कुठला?

गेल्या शनिवारी मलकापूरला घरी गेलो होतो. पाऊस पडून गेला की उसाच्या बांधावर तांदुळजा उगवतो, तो खुडून आणावा एवढाच बेत. आणला. आई पिशवीत डोकावून म्हणाली, "अरे, हा काटेमाठ. बोट बघ तुझं." पानाच्या बगलेत दोन-दोन काटे! आजी असती तर लांबूनच ओरडली असती.

बोट चोखत लॅपटॉप उघडला आणि रविवार त्यातच गेला.

तांदुळजा म्हणजे संस्कृतातला 'तण्डुलीय'. चरकसंहितेत शाकवर्गात ही भाजी आहे, म्हणजे नाव चांगलंच जुनं. आजची बरीच पुस्तकं मात्र तण्डुलीय म्हणून अमरँथस स्पायनोसस, म्हणजे काटेमाठच, दाखवतात. गोची इथे आहे. काटेमाठ मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. मग चरकाने खाल्ला कुठला?

आमच्या धंद्यात सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव तेच, आतली व्हॅल्यू कुणीतरी बदलली. आणि कमेंटही लिहिली नाही!

लागवडीचा लाल-हिरवा माठ आशियातलाच, तेव्हा तोही उमेदवार आहे. पण माझा संशय अमरँथस ब्लिटमवर. जमिनीलगत पसरतो, काटे नाहीत, पानाच्या टोकाला खाच. हा जुन्या जगातला, भूमध्य समुद्राच्या आसपासचा मानतात. ग्रीक लोक आजही 'व्लिता' म्हणून उकडून, वर ऑलिव्हचं तेल नि लिंबू घालून खातात. काटेमाठ आणि हा, दोघांची शास्त्रीय नावं लिनियसच्या १७५३ च्या एकाच ग्रंथातली. काटेमाठ इकडे आला, तर ब्लिटम उलटा अमेरिकेत जाऊन तण झाला. वाटेत दोघांची जहाजं एकमेकांना ओलांडून गेली असतील काय! बी खसखशीएवढं, काळं, चकचकीत, एका झाडाला हजारोंनी. धान्यात, मातीत लपून निघालं की तिकीट कोण विचारतो?

संध्याकाळी आईला घेऊन पुन्हा शोधायला निघालो. उसात टू-फोर-डी मारलेलं असतं, तिथलं घ्यायचं नाही, हा तिचा नियम. शेवटी घरामागे, न्हाणीचं पाणी जातं तिथे सापडला. पसरलेला, टोकाला खाच. लसूण-मिरचीवर परतला, भाकरीबरोबर संपवला.

"आणि कालचा काटेमाठ टाकलास का गं?"

"टाकतीय कशाला? कोवळा होता की. पानं तेवढी खुडून ह्यातच घातली."