भरवशाचे पाऊल : जामुलचा कामगारलढा आणि त्याचे वाङ्मय

नागपूरहून रायपूरकडे जाणारा लोहमार्ग राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे टाकून भिलाईत प्रवेश करतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा मार्ग दोन नावांमुळे परिचित आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीत ना. वा. टिळकांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली, नवा करार त्यांच्या हाती आला आणि पुढे १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दुसरे नाव गजानन माधव मुक्तिबोध यांचे. मराठी घरात वाढलेला हा हिंदी कवी १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होता. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठी कवितेत तोच सामाजिक ध्यास वेगळ्या वळणाने मांडला. प्रतिकूलतेच्या तोंडावर भरवशाने पाऊल उचलणे म्हटले, की मराठी वाचकाला टिळकांचे धर्मांतर आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आठवतात. त्याच लोहमार्गावर, भिलाईच्या उत्तर कडेच्या जामुल या वसाहतीत, शंभर वर्षांनंतर अशाच एका पावलाचा इतिहास घडला. मात्र ते पाऊल एकट्याने टाकलेले नव्हते, आणि त्याला लक्ष्मीबाईंसारखी लेखिकाही लाभली नाही.

जामुलचे अर्थकारण सिमेंटवर उभे राहिले. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भट्टीतून निघणारी मळी सिमेंटच्या उपयोगी पडते, म्हणून १९६५ च्या सुमारास एसीसी कंपनीने जामुल येथे सिमेंट कारखाना काढला. पोलाद कारखान्यातील कायम कामगाराला घर, शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन हे सारे मिळाले. त्याच्या भोवती वाढलेल्या खासगी उद्योगांतला आणि सिमेंट कारखान्यातला कंत्राटी कामगार मात्र वस्तीच्या बाहेरच राहिला. वास्तविक सिमेंट उद्योगासाठी झालेल्या वेतनविषयक निवाड्याने भरणी-उतरणीसारखी थोडी कामे वगळता कंत्राटी पद्धतीला मनाई केली होती. कागदावरचा हा हक्क आणि भट्टीजवळचे वास्तव यांतील अंतर हाच पुढील पंचवीस वर्षांच्या लढ्याचा विषय ठरला.

१९९० च्या सुमारास जामुलच्या कंत्राटी कामगारांनी प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघ या नावाने एकत्र येऊन छत्तीसगढ मुक्ति मोर्चाशी नाते जोडले, तेव्हा त्यांच्यापुढील प्रतिकूलता त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. संघटनेचे नाव घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर न घेणे हे ठेकेदाराला सहज शक्य होते. त्याला कारण दाखवावे लागत नसे, कारण नेमणुकीचा कागदच नसे. अशा स्थितीत माणसे कशाच्या बळावर पुढे आली? 'श्रद्धा' हा शब्द येथे पुरेसा पडत नाही, 'आशा' तर मुळीच नाही. मराठीतील 'भरवसा' हा शब्द अधिक जवळचा आहे. कारण भरवसा अनुभवावर बसतो.

हा अनुभव जामुलपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरील दल्ली-राजहरा येथील लोहखाणींतून आला. भिलाईच्या कोकभट्टीत काम केलेले आणि तेथून बडतर्फ झालेले शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ साली, आणीबाणी उठताच, तेथील कंत्राटी खाणकामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनुसूयाबाई ही कामगार स्त्री होती. संघटना येथेच मोडून पडायची. ती मोडली नाही, याचे कारण तिने शोकाला लगेच काम दिले. दारूबंदीची मोहीम निघाली. तिच्यात स्त्रियांचा पुढाकार होता. शाळा निघाल्या. संघटनेच्या एका महिला पदाधिकाऱ्याचा बाळंतपणात योग्य उपचारांअभावी मृत्यू झाल्यावर, स्वतःचे रुग्णालय हवे असा निश्चय झाला. आधी छोटा दवाखाना आणि मग १९८३ साली, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून 'शहीद अस्पताल' उभे राहिले. 'संघर्ष आणि निर्माण' ही नियोगींची जोडी घोषणेसारखी ऐकू येते, पण दल्लीत ती विटा-चुन्याची होती. जामुलच्या कामगाराने पाहिले ते हे. आपल्यासारखाच अंगठेबहाद्दर कंत्राटी माणूस रुग्णालय बांधू शकतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर ठेकेदाराची भीती संपत नाही, पण तिचे वजन बदलते.

याच काळात मोर्चाने आणखी एक काम केले, आणि ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. सोनाखानचे आदिवासी जमीनदार वीर नारायण सिंह यांनी दुष्काळात सावकाराचे धान्य भुकेल्यांना वाटले आणि १८५७ साली रायपूर येथे ब्रिटिशांनी त्यांना फाशी दिले. ही स्मृती विरळ झाली होती. १९७९ पासून खाणकामगारांनी त्यांचा हुतात्मा दिन पाळण्यास प्रारंभ केला. म्हणजे इतिहासलेखन विद्यापीठात होण्याआधी ते खाणीत झाले. फागूराम यादव यांच्यासारख्या कामगार-गायकांनी छत्तीसगढीत गाणी रचली, 'नवा अंजोर' हे सांस्कृतिक पथक गावोगाव फिरले, लाल आणि हिरवा अशा दुरंगी झेंड्याने कामगार आणि शेतकरी यांना एका काठीवर आणले. शिवाय या प्रदेशात गुरू घासीदासांचा सतनाम पंथ आणि कबीरपंथ यांचा दीर्घ वारसा आहे. जातीने खाली लेखलेल्या माणसाने समान मानाची मागणी करावी, हे तेथे नवे नव्हते. वारकरी परंपरेशी परिचित वाचकाला यातील साम्य जाणवेल, परंतु ते फार ताणू नये. पंढरीची वाट वर्षातून एकदा घराकडे परत येते, संपाची वाट परत येईलच असे नसते.

जामुलच्या कामगारांना सुरुवातीला काही सवलती मिळाल्या, तशी भिलाईच्या इतर खासगी कारखान्यांतूनही माणसे मोर्चाकडे येऊ लागली. जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि संघटनेची मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या. उत्तर कामावरून काढण्याच्या रूपाने आले. हजारो कामगार बेकार झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये नियोगींना अटक झाली, एप्रिलमध्ये ते सुटले. सप्टेंबरमध्ये कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन ते दिल्लीला राष्ट्रपतींकडे गेले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील हुडको वसाहतीतल्या घरात, झोपेत असताना, खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. वय अवघे अठ्ठेचाळीस. जिवाला धोका असल्याचे त्यांनी ध्वनिफितीवर आधीच नोंदवून ठेवले होते. पुढल्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाई पॉवरहाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात सोळा जणांचा बळी गेला.

नियोगी खटल्याचा प्रवास थोडक्यात असा : १९९७ साली दुर्गच्या सत्र न्यायालयाने दोन उद्योजकांसह आरोपींना दोषी ठरविले; १९९८ साली उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले; २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळ्या झाडणाऱ्यालाच जन्मठेप दिली. ज्यांनी नेता गमावला, नोकऱ्या गमावल्या आणि मग न्यायही अर्धाच पाहिला, त्यांनी लढा सोडला असता तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

येथे मुंबईच्या गिरणी संपाची तुलना अटळ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, जामुलमध्ये त्याचा लहानसा अंशही नव्हता. दत्ता सामंत यांचीही १९९७ साली हत्या झाली. पण मराठीत त्या संपाचे जे श्रेष्ठ वाङ्मय निर्माण झाले, ते प्रामुख्याने पडझडीचे आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक संपानंतरच्या घराचे आहे. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' संपाच्या कितीतरी आधीचे, १९६६ चे. त्यातला कामगार अजून भविष्यकाळात बोलतो. या दोहोंच्या मधला, वर्षानुवर्षे टिकून राहण्याचा काळ मराठी साहित्यात फारसा उतरला नाही. जामुलचा इतिहास नेमका याच मधल्या काळाचा आहे. तो कादंबरीत सापडत नाही; सापडतो तो पत्रकांत, गाण्यांत आणि मुख्यतः न्यायालयीन कागदपत्रांत.

या कागदपत्रांमागे सुधा भारद्वाज यांचे श्रम आहेत. अमेरिकेत जन्मलेल्या, कानपूरच्या आयआयटीत गणित शिकलेल्या भारद्वाज ऐंशीच्या दशकात मोर्चात आल्या. वकिलांची फी परवडत नाही आणि वकील विकला जातो, या दुहेरी अनुभवातून कामगारांनीच त्यांना वकील होण्याचा आग्रह धरला, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, २००० साली, त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ही घटना या इतिहासातील सर्वांत बोलकी मानावी लागेल. आपला खटला अजून वर्षानुवर्षे चालणार, हे गृहीत धरूनच माणसे आपल्या सोबत्याला कायदा शिकायला पाठवितात. त्यांना लवकर निकालाची अपेक्षा असती, तर असा आग्रह त्यांनी धरला नसता. (भारद्वाज यांना २०१८ साली एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या जामिनावर सुटल्या.)

औद्योगिक न्यायालय आणि बिलासपूरचे उच्च न्यायालय असे टप्पे चालू असताना कारखान्याची मालकीही बदलत गेली. २००५ साली स्वित्झर्लंडच्या होल्सिम कंपनीने एसीसीत शिरकाव केला. तेव्हा जामुलच्या संघटनेने आपली तक्रार स्वित्झर्लंडपर्यंत नेली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पाळावयाच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन २०१२ साली तेथील अधिकृत यंत्रणेकडे अर्ज गेला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये कंपनी आणि प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघ यांच्यात करार झाला. काहींना काम, इतरांना भरपाई, असे त्याचे स्वरूप होते. तोपर्यंत पहिल्या सभांना तरुण असलेले कामगार निवृत्तीच्या वयाला येऊन ठेपले होते, आणि काहींच्या वतीने वारसांनी सह्या करण्याची वेळ आली होती. २०२२ साली एसीसी अदाणी समूहाकडे गेली. भिलाईत १ जुलैचा स्मृतिदिन मात्र त्यानंतरही पाळला गेला.