अल्पमात्रा प्रारण आणि हृदयविकार : सातारा-सांगली

क्ष-किरण व गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणामुळे हृदय, हृदयधमन्या व मेंदूच्या रक्तवाहिन्या यांच्या विकारांचा धोका वाढू शकतो. मोठ्या मात्रेत हा परिणाम निःसंशय आहे. अल्प मात्रेत तो लहान असून त्याच्या नेमक्या प्रमाणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मिरज, सांगली, कऱ्हाड व सातारा येथे अँजिओग्राफी, सीटी स्कॅन व किरणोपचार यांच्या सोयी असल्याने या भागात हा विषय महत्त्वाचा आहे.

मात्रा : शरीराने शोषलेली प्रारण-ऊर्जा ग्रे या एककात, तर तिचा जैविक परिणाम सीव्हर्टमध्ये मोजतात. १०० मिलिग्रेपर्यंतची मात्रा अल्प, तर त्यापुढे १ ग्रेपर्यंतची मध्यम मानली जाते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. सातारा-सांगलीचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्हाचा असून त्यात युरेनियम व थोरियम कमी असते. त्यामुळे केरळच्या मोनाझाइटयुक्त किनाऱ्याच्या मानाने येथे जमिनीतून मिळणारी मात्रा फारच थोडी असते. येथे जादा मात्रा येते ती मुख्यतः वैद्यकीय तपासण्या व उपचारांतून. छातीच्या एका एक्स-रेत ती ०.१ मिलिसीव्हर्टहून कमी असते. छातीचा सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी यांत ती काही मिलिसीव्हर्ट असते, तर अँजिओप्लास्टी लांबली की आणखी वाढते.

कार्यकारण : प्रारणाने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरपेशींना इजा होते, दाह टिकून राहतो व धमनीत मेदाचे थर साचण्याची क्रिया वेग घेते. मोठ्या मात्रेत हृदयस्नायूतील केशवाहिन्या विरळ होतात आणि तंतुमय ऊती वाढतात. अल्प मात्रेतही हेच घडते की परिणामाचा मार्ग वेगळा असतो, हे ठरलेले नाही.

पुरावा : हिरोशिमा-नागासाकीतून बचावलेल्या ८६,६११ जणांच्या १९५० ते २००३ या काळातील पाहणीत दर ग्रेमागे हृदयविकाराच्या मृत्यूंचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी, तर पक्षाघाताच्या मृत्यूंचा ९ टक्क्यांनी वाढलेला आढळला. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासात (२०१७) रक्ताभिसरणविकारांच्या मृत्यूंत दर सीव्हर्टमागे सुमारे २२ टक्के वाढ दिसली. त्या हिशेबाने १०० मिलिसीव्हर्टला ती सुमारे दोन टक्के ठरते. अशा पाहण्यांत धूम्रपान, रक्तदाब व मधुमेह यांचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढणे अवघड असते. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २०१२ मध्ये रक्ताभिसरणविकारांसाठी ०.५ ग्रे ही उंबरठा-मात्रा सुचवली. त्याखाली धोका शून्य असतो, असा मात्र तिचा अर्थ नाही.

किरणोपचार : रुग्णांच्या बोलण्यातला ‘शेक’ हृदयाला अल्प मात्रेहून बरेच जास्त प्रारण देऊ शकतो. डाव्या स्तनाच्या कर्करोगात हृदय किरणांच्या वाटेजवळ असते. स्वीडन व डेन्मार्कमधील अभ्यासात (२०१३) हृदयाच्या सरासरी मात्रेच्या दर ग्रेमागे हृदयधमनीच्या गंभीर घटनांत ७.४ टक्के वाढ आढळली. पन्नाशीतील, हृदयविकाराचा अन्य धोका नसलेल्या स्त्रीच्या हृदयाला सरासरी ३ ग्रे मिळाले, तर वयाच्या ऐंशीपूर्वी हृदयधमनीविकाराने मृत्यू येण्याची शक्यता १.९ वरून २.४ टक्क्यांवर जाते. शेक नाकारल्याने कर्करोग उलटण्याचा धोका बहुतेक रुग्णांत याहून मोठा असतो. दीर्घ श्वास रोखून धरल्यावर हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते. त्या क्षणी किरण दिल्यास हृदयाची मात्रा बरीच घटते.

कर्मचारी : मिरजेत वॉनलेस रुग्णालय १८९४ मध्ये, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले; कऱ्हाडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले. जीवनदायी व पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजनेने महागडे हृदयोपचार सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आणले. या सोयींमुळे रुग्ण वाढले की कॅथलॅबमधील (अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीच्या कक्षातील) डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांना रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे किरणही अधिक मिळतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) त्यांच्यासाठी पाच वर्षांत १०० व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. सामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. शिशाचा एप्रन, मानेचे कवच, छताला टांगलेला शिसेयुक्त काचेचा पडदा व अंतर ही संरक्षणाची साधने होत; मिळालेली मात्रा टीएलडी बॅजवर नोंदली जाते. बॅज खुंटीवर राहिला की नोंद खोटी ठरते, म्हणून तो कामावर असताना रोज लावायलाच हवा.

प्रतिबंध : तंबाखू, मिश्री, उच्च रक्तदाब व मधुमेह यांचा हृदयाला असलेला धोका एखाद्या स्कॅनच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. छातीत दुखत असताना किरणांच्या भीतीने अँजिओग्राफी टाळणे जिवावर बेतू शकते. जुने अहवाल व सीडी जपून डॉक्टरांना दाखवल्यास त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. छातीवर शेक घेतलेल्या रुग्णाने ती माहिती पुढे प्रत्येक डॉक्टरला द्यावी व रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासून घ्यावे. कारण हृदयावरील परिणाम दहा-वीस वर्षांनीही प्रकट होऊ शकतो.