माजी सैनिकांसाठी रोजगार साहाय्य: नोंदणी, आरक्षण आणि पुनर्नियुक्तीचे नियम

सैन्यदलातील बहुतेक जवान वयाच्या पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज आणि आई-वडिलांचे आजारपण या जबाबदाऱ्या त्याच सुमारास वाढलेल्या असतात. त्यामुळे पुढील वीस वर्षांची नोकरी हा प्रत्येक माजी सैनिकाच्या कुटुंबाचा प्रश्न असतो. या कामी मदत करणाऱ्या शासकीय यंत्रणा, मिळणाऱ्या सवलती आणि सवलत हातची जाऊ नये म्हणून पाळायचा क्रम यांची माहिती या लेखात दिली आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. केंद्र सरकारच्या नागरी सेवेत माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा लाभ साधारणपणे एकदाच मिळतो. म्हणून पहिली नोकरी स्वीकारण्यापूर्वी "पहिली नोकरी स्वीकारताना" हा भाग अवश्य वाचावा.

माजी सैनिक कोणाला म्हणतात?

भूदल, नौदल किंवा वायुदलात कोणत्याही हुद्द्यावर सेवा करून निवृत्तिवेतनासह निवृत्त झालेली व्यक्ती माजी सैनिक ठरते. सेवेमुळे उद्भवलेल्या वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेले, तसेच आस्थापना कमी केल्यामुळे स्वतःच्या विनंतीशिवाय सेवामुक्त केलेले सैनिकही यात येतात. बडतर्फ झालेल्या व्यक्तीस हा दर्जा मिळत नाही.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतून निवृत्त झालेले जवान या व्याख्येत येत नाहीत. अग्निवीरांसाठीच्या तरतुदीही वेगळ्या आहेत. त्यांनी या लेखातील टक्केवारी स्वतःला लागू आहे असे समजू नये.

कोणते कार्यालय काय काम करते?

- पुनर्वसन महासंचालनालय (डीजीआर), नवी दिल्ली: संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या अधीन. प्रशिक्षण, रोजगार मेळावे, सुरक्षा एजन्सी योजना व स्वयंरोजगाराच्या योजना येथून चालतात. दक्षिण विभागाचे पुनर्वसन संचालनालय पुण्यात आहे.
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय (काही राज्यांत जिल्हा सैनिक बोर्ड): आपल्या सर्वांत जवळचे कार्यालय. माजी सैनिकाचे ओळखपत्र, रोजगारासाठी नाव नोंदणी, दाखले आणि अवलंबितांच्या योजना यांसाठी येथेच जावे.
- सेनादलांच्या प्लेसमेंट संस्था: भूदलासाठी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन, नौदलासाठी इंडियन नेव्हल प्लेसमेंट एजन्सी आणि वायुदलासाठी वायुदलाचा प्लेसमेंट सेल. खासगी कंपन्यांतील नोकऱ्यांसाठी या संस्थांकडे नाव नोंदवता येते.
- नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल: केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाचे हे पोर्टल २०१५ मध्ये सुरू झाले. उमेदवारांसाठी नोंदणी विनामूल्य आहे.

यांपैकी कोणतेही कार्यालय थेट नेमणूक देत नाही. ते नाव पुढे पाठवते, पात्रता प्रमाणित करते आणि संधीची माहिती देते. परीक्षा, मुलाखत व निवड नोकरी देणाऱ्या संस्थेकडेच असते. म्हणून नाव नोंदवून वाट पाहत न बसता जाहिराती पाहून स्वतः अर्ज करत राहावे.

नोंदणी केव्हा व कशी करावी?

निवृत्तीची वाट पाहू नये. ठरलेला सेवाकाळ पूर्ण होण्यास एक वर्ष उरले असतानाच नागरी पदासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी युनिटकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि सेवाकाळ कोणत्या तारखेला पूर्ण होतो याचे प्रमाणपत्र घ्यावे. नेमणूक मात्र सेवामुक्तीनंतरच स्वीकारता येते.

निवृत्तीनंतर आपण जेथे राहणार आहात, त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. गाव कोल्हापूर जिल्ह्यात पण कुटुंब बेळगाव, वडोदरा किंवा इंदूर येथे स्थायिक असेल, तर कोणत्या जिल्ह्यात नोंदणी ठेवायची हे आधी ठरवावे. राज्य शासनाच्या नोकरीतील आरक्षण प्रत्येक राज्याच्या नियमांनुसार असते आणि अनेक ठिकाणी त्या राज्याचा अधिवास दाखला मागितला जातो.

सोबत न्यावयाची कागदपत्रे:

१. सेवामुक्ती पुस्तिका (डिस्चार्ज बुक)
२. निवृत्तिवेतन प्रदान आदेश (पीपीओ)
३. शैक्षणिक प्रमाणपत्रे व सेवेत केलेल्या कोर्सची प्रमाणपत्रे
४. आधार कार्ड व रहिवासाचा पुरावा
५. जातीचा दाखला (लागू असल्यास)
६. पासपोर्ट आकाराची छायाचित्रे

डिस्चार्ज बुकमधील नाव, जन्मतारीख आणि ट्रेड यांची नोंद शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते तपासावे. फरक असल्यास दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसकडे लगेच अर्ज करावा. निवड झाल्यानंतर कागदपत्र पडताळणीत असा फरक अडचणीचा ठरतो आणि तेव्हा हाती वेळ नसतो.

सैन्यातील ट्रेडचे नागरी नाव

सैन्यातील ट्रेडचे नाव खासगी कंपनीला समजेलच असे नाही. यासाठी डीजीआरने सैनिकी ट्रेड आणि नागरी व्यवसाय यांची समकक्षता दाखवणारी मार्गदर्शिका तयार केली आहे. नोंदणी करताना आपल्या ट्रेडचे नागरी नाव त्यातून विचारून घ्यावे व अर्जात दोन्ही नावे लिहावीत. केवळ "हवालदार, १७ वर्षे सेवा" असे न लिहिता कोणती वाहने चालवली, कोणती यंत्रे दुरुस्त केली, किती जणांच्या तुकडीचे काम पाहिले हे लिहिल्यास अर्ज वाचणाऱ्याला आपल्या कामाची कल्पना येते.

आरक्षण किती?

- केंद्र सरकारची नागरी पदे: गट क मध्ये १० टक्के, पूर्वीच्या गट ड पदांमध्ये (आता वेतनस्तर १) २० टक्के.
- केंद्रीय सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँका: गट क मध्ये १४.५ टक्के, गट ड मध्ये २४.५ टक्के. यांतील ४.५ टक्के जागा दिव्यांगत्व आलेले माजी सैनिक आणि कारवाईत वीरमरण आलेल्या सैनिकांचे अवलंबित यांच्यासाठी असतात.
- केंद्रीय सशस्त्र पोलीस दले: असिस्टंट कमांडंट पदापर्यंतच्या थेट भरतीत १० टक्के.
- डिफेन्स सिक्युरिटी कोअर: सर्व जागा माजी सैनिकांसाठी.
- महाराष्ट्र शासन: गट क व गट ड मध्ये १५ टक्के.

हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे निवड झालेला माजी सैनिक आपापल्या प्रवर्गात (खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग) गणला जातो. म्हणून अर्जात प्रवर्ग आणि माजी सैनिक असल्याची नोंद या दोन्ही बाबी भराव्यात.

केंद्रीय सेवेतील राखीव जागा योग्य उमेदवार नाही म्हणून परस्पर इतरांना देता येत नाही. उमेदवार उपलब्ध नसल्याची खातरजमा डीजीआरकडून करून घेणे व केंद्र सरकारची मान्यता घेणे नियमांनुसार आवश्यक असते.

वय व शिक्षणातील सवलत

गट क च्या पदांसाठी प्रत्यक्ष वयातून सैनिकी सेवेची वर्षे वजा केली जातात. उरलेले वय पदाच्या कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असले तरी चालते.

उदाहरण: आपले वय ४६ वर्षे, सेवा १७ वर्षे. ४६ वजा १७ म्हणजे २९. पदाची कमाल वयोमर्यादा २७ असेल, तर फरक दोन वर्षांचा आहे. आपण पात्र आहात.

दहावी उत्तीर्ण (किंवा सेनादलाचे समकक्ष प्रमाणपत्र असलेले) आणि किमान १५ वर्षे सेवा झालेले माजी सैनिक गट क मधील अशा राखीव पदांसाठीही पात्र धरले जाऊ शकतात, ज्यांना पदवी आवश्यक आहे पण तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक नाही. "मी पदवीधर नाही" म्हणून जाहिरात बाजूला ठेवण्यापूर्वी माजी सैनिकांसाठीची टीप वाचावी.

पहिली नोकरी स्वीकारताना

माजी सैनिक आरक्षणातून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत रुजू झाल्यावर, पुढील नोकरीसाठी त्याचा माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा हक्क संपतो. घाईत घेतलेल्या खालच्या पदामुळे काही महिन्यांनी लागणारा वरच्या पदाचा निकाल हातचा जाऊ शकतो.

यावर उपाय आहे. कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशानुसार, रुजू होण्यापूर्वीच आपण इतर पदांसाठी अर्ज केलेले असतील, तर त्या पदांसाठी आरक्षणाचा लाभ पुढेही घेता येतो. त्यासाठी:

१. रुजू होण्यापूर्वी केलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख, संस्था, पद व अर्ज क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा.
२. रुजू होताच या सर्व अर्जांची तारीखवार यादी स्वयंघोषणापत्र म्हणून कार्यालयास द्यावी.
३. त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले पुढे ग्राह्य धरले जात नाही.
४. दुसऱ्या पदासाठी निवड झाल्यास ही पोच व सध्याच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे.

रुजू झाल्यानंतर केलेल्या नव्या अर्जांना हा लाभ मिळत नाही. वयाची सवलत मात्र केंद्र सरकारच्या दुसऱ्या वरच्या पदासाठी पुढेही मिळू शकते. खासगी कंपनीत काम केल्याने, किंवा केव्हाही कमी करता येईल अशा कंत्राटी वा हंगामी कामामुळे आरक्षणाचा हक्क जात नाही.

प्रशिक्षण व इतर संधी

- पुनर्वसन प्रशिक्षण: निवृत्तीपूर्वी डीजीआरमार्फत विविध अभ्यासक्रम घेतले जातात. जेसीओ व इतर हुद्द्यांच्या जवानांचे शुल्क डीजीआर भरते. युनिटमधूनच अर्ज करावा.
- सुरक्षा सेवा: डीजीआरच्या यादीतील एजन्सीमार्फत सार्वजनिक उपक्रमांत सुरक्षा रक्षक व पर्यवेक्षक म्हणून काम मिळते. रुजू होताना नेमणूकपत्र घ्यावे आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक विचारावा. महाराष्ट्रात माजी सैनिक महामंडळ (मेस्को) हेही असे काम पुरवते.
- स्वयंरोजगार: पेट्रोल पंप व गॅस एजन्सीच्या वाटपात संरक्षण प्रवर्गासाठी ८ टक्के जागा असतात. दिल्ली परिसरात मदर डेअरीचे दूध बूथ व सफल भाजी केंद्रेही माजी सैनिकांना चालवण्यास दिली जातात.

वीरपत्नी व अवलंबितांसाठी

सेवेत वीरमरण आलेल्या किंवा सेवेमुळे ५० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व आलेल्या सैनिकाच्या कुटुंबातील दोन सदस्यांपर्यंत केंद्राच्या गट क व ड पदांसाठी प्राधान्य मिळू शकते. यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अवलंबित असल्याचा दाखला घ्यावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोकरी लागल्यास निवृत्तिवेतन बंद होते का?
नाही. ५५ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, अधिकारी हुद्द्याखालील सैनिकांचे संपूर्ण निवृत्तिवेतन केंद्राच्या नागरी पदावर वेतननिश्चिती करताना विचारात घेतले जात नाही.

नोंदणीसाठी किंवा राखीव जागेसाठी कोणी पैसे मागितल्यास?
देऊ नयेत. जागा "मिळवून देण्याचा" अधिकार कोणत्याही मध्यस्थाला नाही. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

आरक्षण नाकारले गेल्यास तक्रार कोठे करावी?
प्रथम भरती करणाऱ्या संस्थेकडे लेखी अर्ज करून नकाराचे कारण लेखी मागावे. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. केंद्रीय संस्थेबाबत केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत जाहिरातीची प्रत, अर्जाची पोच आणि डिस्चार्ज बुकची प्रत जोडावी.