वाशांचे सांधे

राळेगावकडे कौलारू घराला छपरी वाढवताना नवे वासे पुष्कळदा जुन्या भिंतीवर नुसते टेकवतात. भारानेच ते जागेवर राहतील, असा आपला समज. पण भिंतच हलली तर?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, हजारो माणसे गेली. मात्र धाब्याचे वजन जिथे खांब-तुळयांवर होते, तिथे कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला! छपरीच्या वाशांना असा सांगाडा नसतो. भिंत गेली की वासेही गेले.

आमच्या मते नुसत्या खिळ्यापेक्षा वासा लोखंडी पट्टीने भिंतीत जखडलेला बरा. वादळात छप्पर वर उचलले जाते, तेव्हा सरळ ठोकलेला खिळा उपसून येतो.